दिवसा रामाची उतारी

दाजी तेंडोलकर माणसांना नावानं ओळखत नसत, पानांनी ओळखत. आमचे हेडमास्तर म्हणजे 'कल्कीची दश्शी'. मासळीबाजारात बसणारी, मूठभर हाडांची, पण अख्ख्या मालवणला भाव शिकवणारी सुंदराबाई म्हणजे 'रामाचो एक्को'. मी जामसंड्याहून बदली होऊन त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून मला नखशिखांत न्याहाळलं आणि आत बायकोला, आमच्या काकींना, ओरडून सांगितलं, "मत्स्याची तिर्री दिसता गो!"

मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल. मत्स्य म्हणजे शेवटी देवाचा अवतार.

पुढे गंजिफा शिकलो तेव्हा अर्थ कळला. सावंतवाडीकडची ती लाखेची, गोल, हातानं रंगवलेली पानं तुम्ही कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिली असतील. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं. खुबी अशी, की मत्स्यासारख्या पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, आणि राम, कृष्ण, कल्की वगैरे उरलेल्या पाचांत नेमकं उलटं. तिथं एक्का भारी आणि दश्शी म्हणजे केर. त्यामुळे कल्कीची दश्शी दिसायला भरगच्च, पानभर चित्रं, आणि किंमत काही नाही. "दिसाक धा, कामाक शून्य," असं दाजी म्हणत, आणि हेडमास्तरांच्या बाबतीत ते खरंही होतं. मत्स्याची तिर्री मात्र दिसायलाही लहान आणि किमतीलाही लहान. दाजींवरचा माझा राग तेव्हापासूनचा.

तरी मी त्यांच्याकडे खेळायला जात असे. जात असे म्हणजे नेला जात असे. गंजिफाला तीन हात लागतात. दाजी एक, आळीतले रघू भट दुसरे, आणि तिसऱ्यासाठी दाजी शिकार केल्यासारखे माणूस धरत. टपालवाला एकदा सापडला होता, त्यानं बदली मागून घेतली. विम्याचा एजंट स्वतःहून आला होता. त्याला चाळीस पानं हातात धरायला लावल्यावर तो पॉलिसीचं नाव न काढता गेला. मग मी आलो. पळून जायला मला जागा नव्हती, कुंपण एकच होतं.

दिवेलागण झाली की दाजींच्या ओटीवर पांढरी चादर पडायची. पानं पिसता येत नाहीत, लाख तडकते, म्हणून ती चादरीवर पालथी पसरून हातानं कालवायची. मामलेदार कचेरीत जन्म काढलेला हा माणूस एरवी अस्सल मालवणी बोलायचा, पण पानांशी मात्र कचेरीतली मराठी. "यावे, वराहमहाराज, यावे. आपली वाटच पाहत होतो." आणि तोच माणूस पुढच्या क्षणी माझ्याकडे वळून, "मास्तर, पान टाकतास की इस्त्री करतास?" काकी आतून म्हणायच्या, "ह्येंका देवांनी धरलेला आसा. एकान न्हय, धायव जणांनी."

गंजिफाचा एक नियम फार सुंदर आहे. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा, त्याची पहिली उतारी. रात्री खेळ असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची. म्हणजे पहिलं पान टाकायच्या आधी बाहेर बघायचं, सूर्य आहे की नाही. दाजींच्या ओटीवर मात्र बघायची गरज नव्हती, कारण तिथं दिवसाचा खेळ कधी होतच नसे. रविवारी, सुट्टीत, कितीही गयावया करा. "दिवसाचो खेळ बंद आसा," एवढंच उत्तर.

का बंद, ते रघू भटांनी मला सांगितलं. दाजींच्या संचात रामाचा राजाच नव्हता. त्याच्या जागी साबणाच्या खोक्याचा गोल कापलेला पुठ्ठा होता, त्यावर दाजींच्या कारकुनी अक्षरात 'राजा' असं लिहिलेलं. खरा राजा मुंबईला होता, दाजींच्या मुलाकडे, सुधीरकडे.

सुधीर हा ओटीवरचा मूळ तिसरा हात. हात पुरत नव्हते त्या वयापासून चाळीस पानं मांडीवर रचून खेळायचा. तो नोकरीला मुंबईस निघाला तेव्हा एस.टी. स्टँडवर दाजींनी रामाचा राजा काढून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातला. "सुट्येक येशीत तेवा घेवन ये. मगे दिवसा खेळू." सुधीर पहिली काही वर्षं चतुर्थीला आला, दर वेळी पान विसरून आला. मग रजा मिळेनाशी झाली. मग लग्न झालं, तेही तिकडेच, हॉलमध्ये. दाजी अक्षता टाकून परत आले आणि संध्याकाळी खेळायला बसले. रघू भटांनी एकदा सुचवलं होतं, "दाजी, रातीच्या खेळाक पुठ्ठो चलता, तर दिवसाक कित्याक चलाचो नाय?" दाजी म्हणाले, "रातीक काळोख आसता भटानू. दिवस उघडूचो तर खरोच राजा व्हयो."

आणि एवढ्यासाठी या गृहस्थानं आपला दिवस कुलूप घालून ठेवला होता. मला हे ऐकून गहिवरून वगैरे आलं नाही. चीड आली. एक पान पाकिटात घालून पाठवायला मुलाला किती वेळ लागतो?

जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता, त्या सुमारास मुंबईच्या कुणी देसाईबाई तारकर्लीला आल्या होत्या. त्यांचं एक हौशी मंडळ होतं, बैठ्या खेळांचं. कुणीतरी त्यांना दाजींच्या ओटीवर आणलं. बाईंनी पानं पाहिली, "अगं बाई, किती गोड!" असं प्रत्येक अवताराला म्हणाल्या, नरसिंहालाही, आणि मुंबईत भरणाऱ्या मेळाव्याचं आमंत्रण देऊन गेल्या.

दाजी पेटले. मेळावा दिवसाचा होता. "मास्तर, मुंबयत हात मेळतले. तीन कित्याक, तीनशे मेळतले! आणि राजा थंयच आसा." मला पोस्टात नेऊन सुधीरच्या ऑफिसात ट्रंककॉल लावायला लावला. मी ओरडून सांगितलं, "बाबा येतायत, रामाचं पान घेऊन हॉलवर या." पलीकडून आवाज आला, "कसलं पान? अच्छा अच्छा, ते! हो, आणतो ना. सरळ हॉलवरच येतो." मी हे जसंच्या तसं सांगितलं, फक्त 'कसलं पान' गाळलं.

रघू भटांना एस.टी. लागते, म्हणून दाजींबरोबर मी. पानांचा लाकडी डबा दाजींनी मांडीवर घेतला तो सबंध प्रवासात खाली ठेवला नाही. "पायाकडे देव ठेवतंय काय?" तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हाही ते उतरले नाहीत, मी चहा खिडकीतून वर दिला. शेजारच्या प्रवाशाची खात्री पटली होती की डब्यात सोनं आहे. घाटात तो जागाच राहिला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला दाजीही.

हॉल तळघरात होता. खिडकी एकही नाही, ट्यूबलाइट भकाभक, आणि थंडगार हवा सोडलेली. टेबलंच टेबलं. कुठं बुद्धिबळ, कुठं सोंगट्या, कुठं इमारती विकत घ्यायचे खेळ, आणि सगळे खुर्च्यांवर. देसाईबाईंनी दाजींना त्यांची जागा दाखवली. काचेचं कपाट होतं. आत मखमल, त्यावर एक पाटी.

"पानं आत ठेवू या ना," बाई म्हणाल्या. "लोक हात लावतात हो."

"हात लावण्यासाठीच पाने असतात," दाजी कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "आपण खेळाडूंची व्यवस्था काय केली आहे?"

बाई हसल्या. खेळाडू नव्हते. गंजिफा येणारं तिथं कुणीच नव्हतं, ती शोभेला बोलावली होती. दाजींनी दोन मिनिटं माहिती सांगायची होती आणि मग काच बंद. दाजींनी शांतपणे पिशवीतून पांढरी चादर काढली आणि दोन टेबलांच्या मधल्या वाटेत फरशीवर अंथरली. लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. एका बाईंनी चादरीवर सुटे पैसे टाकायला पर्स उघडली होती, मी हात धरला.

मग एक पोरगेला दाढीवाला मुलगा आला. त्याच्या काकांनी परदेशातून धाडलेला एक लढाईचा खेळ तो मांडून बसला होता, षटकोनी घरांचा नकाशा आणि शेकडो पुठ्ठ्याच्या फौजा. तो चादरीजवळ उकिडवा बसला आणि सबंध मुंबईत कुणी विचारला नाही तो प्रश्न त्यानं विचारला. "आजोबा, कसं खेळायचं हे?"

दाजींनी त्याला तासभर शिकवलं. पोरगा हुशार होता. उलटसुलट रंगांची भानगड मला महिनाभर कळली नव्हती, त्याला पहिल्या फेरीतच कळली. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "कृष्णाची दुर्री आसा हां!" मला वाईट वाटलं, पण होता खरा. दोन हात झाले, तिसरा मी. पानं कालवून झाली. मुलगा म्हणाला, "चला, सुरू करू."

दाजींनी वर बघितलं. ट्यूबलाइट. "मास्तर, भायर दिवस आसा मा?"

मी जिने चढून बघून आलो. कडक ऊन होतं.

"मग थांबू या," दाजी मुलाला म्हणाले. "दिवस आहे. रामाचा राजा येतो आहे. माझा मुलगा घेऊन येतो आहे."

आम्ही थांबलो. दाजी दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पँटकडे बघत होते. मुलगा दोनदा उठून आपल्या फौजा बघून आला. मी हळूच म्हटलं, "दाजी, पुठ्ठो लावया. कोणाक कळताला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तिर्री झालो. शेवटी त्या मुलाचा मित्र त्याला हाका मारू लागला. "दिवेलागणीला या," दाजी म्हणाले, "तेव्हा कृष्णाची उतारी. रामाच्या राजाची गरज नाही." मुलगा ओशाळून म्हणाला, "हॉल पाचला बंद होतो, आजोबा."

सुधीर आला नाही. दाजींनी चादरीची घडी घातली आणि पानं डब्यात भरली. देसाईबाईंनी आम्हाला एकेक गुलाब दिला.

संध्याकाळी आम्ही मुलुंडला सुधीरच्या घरी गेलो. मी वाटेत म्हणत होतो, मी बोलणार आहे त्याला. दाजी म्हणाले, "तुमी कायएक बोलूचा नाय. ऑफिसातसून सुटाक नसात."

सुधीरनं दार उघडलं. मीटिंग निघाली होती, तो मनापासून वरमला होता. "आणि बाबा, ते पान अगदी जपून ठेवलंय मी. काळजी करू नका. फक्त कुठे ते आज सापडेना." सूनबाई, नीता, हसून आत निघाली. दाजींनी तिला विचारलं, "आपली प्रकृती कशी आहे? चहाची तसदी घेऊ नये." सुनेशी ते नवीन मामलेदाराशी बोलावं तसं बोलत. तिच्याशी मालवणी कशी बोलायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नीतानं चहा आणला. काचेच्या टीपॉयवर डाग पडू नयेत म्हणून कपांखाली चकत्या ठेवल्या. माझ्या कपाखाली प्लास्टिकची. दाजींच्या कपाखाली, सासरे म्हणून मानानं, घरातली सगळ्यात चांगली.

दाजींनी कप उचलला आणि मला खाली रामाचा राजा दिसला. धनुष्य घेतलेला, मुकुटावर चहाचं एक तपकिरी वर्तुळ.

दाजींनीही पाहिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला नाही. हातातच धरला, तळहातावर. चहा कढत होता, स्टीलचा कप होता. सुधीर आपल्या मीटिंगबद्दल सांगत होता आणि म्हातारा या हातातून त्या हातात कप घेत ऐकत होता. नीता म्हणाली, "ठेवा ना खाली, बाबा, भाजेल."

"नको. असाच बरा आहे."

तिच्या लक्षात आलं की ते चकतीकडे बघताहेत. तिला आनंद झाला. "छान आहे ना ते? यांच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात सापडलं. पण एकच आहे हो. आणखी पाच मिळाली ना, तर सहाचा सेट होईल. तुमच्या बाजूला मिळतात का अशी?"

सुधीरनं आता खाली बघितलं. त्याचा चेहरा उतरला, तोंड उघडलं. दाजींनी कप नसलेला हात जरा वर केला. कचेरीत शिपायाला थांबवावं तसा. "मिळतात," ते सुनेला म्हणाले. "बघतो मी."

त्यांनी चहा संपवला, रिकामा कप टीपॉयच्या काचेवर, राजाच्या बाजूला ठेवला, आणि आम्ही निघालो. सुधीर जिन्यापर्यंत आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दाजींचा आला. पान समोर पडलं होतं, हात लांब केला असता तर खिशात आलं असतं.

परतीच्या गाडीत डबा पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. तळेरे मागे पडल्यावर मला म्हणाले, "मास्तर, सुनेन पयल्यांदा कायतरी मागल्यान."

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी चादर पडली. पानं वाटून झाली आणि रघू भट ओरडले, "दाजी, ह्या काय? रामाचा घर खंय गेला?" त्यांच्या हातात चार पुठ्ठे आले होते. माझ्याकडे दोन होते, त्यातला एक जुना राजा. रामाचा प्रधान, एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, सगळे साबणाच्या खोक्याचे, ताजे कापलेले.

"मुंबयक गेली," दाजी पानं लावत म्हणाले. "राजा एकटो होतो थंय."

रघू भट त्या दिवशी न खेळताच उठले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला संच चहाच्या कपांखाली घालणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मीही नव्हता. चार दिवसांनी ते परत आले, कारण तेही जाणार कुठं?

वर्षभरानं मी एका लग्नासाठी मुंबईला गेलो. काकींनी सुनेसाठी आमसुलं दिली होती, ती पोचवायला मुलुंडला गेलो. सुधीर कामावर होता. नीतानं चहा दिला, कपाखाली प्लास्टिकची चकती. मी न राहवून विचारलं.

"ती? अहो, काय सांगू!" तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "नवीन बाईनं भांड्यांबरोबर सोड्याच्या पाण्यात टाकली. सगळी पापडासारखी फुगली, रंगबिंग निघून गेला. टाकूनच द्यावी लागली. बाबांना विचाराल का, आणखी मिळतील का?"

मी परत आलो तेव्हा दाजी कुंपणाशीच उभे होते. लग्न कसं झालं, हे विचारायचं त्यांनी सोंगसुद्धा केलं नाही.

"पानां बघलास?"

"बघलंय."

"एकठय आसत? सगळी सव्वय?"

"होय. एकाच तबकात."

"च्या दिल्यानी त्येंच्यार?"

"दिल्यानी."

"सुधीराक खंयच्या पानार?"

याची तयारी मी केली नव्हती. "राजावर," मी म्हटलं.

"आणि तुमका?"

"परधान."

दाजींनी कुंपणाची काठी धरली. काहीतरी हिशेब चालला होता त्यांचा, डाव मोजताना चालतो तसा. "येळ खंयची होती?"

"सकाळची. ऊन होता बऱ्यापैकी."

"ऊन होता," दाजी म्हणाले. "मगे रामाचीच उतारी. आणि परधान तुमका दिल्यानी. बरोबर वळाखल्यानी. मास्तर, मी तुमका तिर्री म्हटलंय ता चुकलंय हां."

मत्स्याच्या तिर्रीचा मी रामाचा प्रधान झालो तो असा. मला त्यांच्याकडे बघवेना. ते वळले आणि ओटीच्या पायऱ्या चढता चढता आत काकींना ओरडून सांगू लागले, "आयकलस गो? सुधीर दिवसाचो खेळता!"